बोर्ड सर्वांत शेवटी घ्या

‘सर्फिंग शिकायचंय, कोणता बोर्ड घेऊ?’ दिवाळीच्या सुमारास हा प्रश्न यायला लागतो आणि मे महिना संपेपर्यंत थांबत नाही. स्केटबोर्डचंही तेच. मुलाच्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी दुकानातून फोटो येतो, खाली एकच ओळ: ‘हा चालेल का?’ दोन्हीकडे मंडळी आधी वस्तू घेतात, मग शिकवणारा शोधतात, मग जागा. विमा आठवतो तो हाताला प्लॅस्टर लागल्यावर. मी लाटांवरही जातो आणि स्केटबोर्डही चालवतो, म्हणून सांगतो, हा क्रम नेमका उलटा करा. पैसे वाचतील, आणि माळ्यावर धूळ खाणारा आणखी एक बोर्ड कमी होईल.

दोन्ही खेळ एकत्र का, असंही विचारलं जातं. मुंबई, पुणे किंवा नाशिकला राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला वर्षात लाटेचे दिवस मोजकेच येतात. उरलेल्या दिवसांत पायांना तोल विसरू द्यायचा नसेल, तर स्केटबोर्डइतकं स्वस्त साधन नाही. मुळात स्केटबोर्ड जन्मला तोच कॅलिफोर्नियात, १९५०च्या दशकात, समुद्र सपाट असलेल्या दिवशी करायचं काय या सर्फरांच्या अडचणीतून.

पोहणं, वय आणि चष्मा

पोहता येत नसेल तरी कमरेएवढ्या पाण्यात, शिक्षकाने बोर्ड धरून, एखादी फेसाळ लाट अनुभवता येते. सहलीतली गंमत म्हणून ते ठीक आहे. पण पाच-सात दिवसांचा कोर्स करायचा विचार असेल, तर आधी तलावात जा. खोल बाजूला, कठड्याला हात न लावता दहा मिनिटं तरंगता आलं आणि न थांबता दोनशे मीटर पोहता आलं, की मगच पैसे भरा. ‘लाइफ जॅकेट देतात ना?’ या प्रश्नाचं उत्तर असं, की जॅकेट घालून बोर्डवर पालथं पडून नीट वल्हवता येत नाही आणि येणाऱ्या लाटेखालून बुडी मारून निसटताही येत नाही. सर्फरला तरंगवतो तो पायाला दोरीने बांधलेला बोर्ड, आणि ती दोरी कधी ना कधी तुटते.

वयाची काळजी सोडा. टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या स्ट्रीट स्केटबोर्डिंगचं सुवर्ण जिंकणारी मोमिजी निशिया १३ वर्षांची होती. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून पार्क प्रकारात उतरलेला अँडी मॅक्डोनाल्ड ५१ वर्षांचा होता. चाळिशीनंतर फरक पडतो तो पडल्यावर सावरायला लागणाऱ्या दिवसांत.

चष्मा असेल तर तो घालून पाण्यात जाता येणार नाही. नंबर मोठा असेल तर शिक्षकाला आधीच सांगा. म्हणजे तो लांबून हातवारे करण्याऐवजी जवळ उभा राहील.

कुठे आणि कधी

‘जुहूला किंवा अलिबागला का नाही?’ हा हमखास येणारा प्रश्न. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ तीनशे किलोमीटरच्या आसपास रुंद पसरला आहे. लांबून आलेल्या लाटेचा जोर तो तळ घासतच संपतो. पावसाळ्यात लाटा उसळतात खऱ्या, पण त्या वाऱ्याने ढवळलेल्या आणि वेड्यावाकड्या असतात, शिवाय शहरातल्या नाल्यांची घाण त्यांच्याबरोबर येते. दक्षिणेकडे जावं तसा हा उथळ पट्टा अरुंद होत जातो, म्हणून तिकडची लाट शिकण्याजोगी.

- गोवा: उत्तरेला अश्वे, मोरजी, हरमल, दक्षिणेला आगोंद. ऑक्टोबर ते मे. लाट लहान आणि तळ वाळूचा, त्यामुळे पहिल्या धड्याला उत्तम. भाषेची अडचण नाही.
- मुल्की, कर्नाटक: भारतात सर्फिंगची शिकवणी रुजली ती मुख्यतः इथे, मंत्र सर्फ क्लब २००४ पासून आहे. मुल्की हे कोकण रेल्वेवरचं स्टेशनच आहे. चार-पाच दिवस काढून सलग शिकायचं असेल तर माझी पसंती या जागेला.
- कोवलम आणि महाबलीपुरम, तामिळनाडू: चेन्नईजवळ. आपल्याकडे पावसाळ्यामुळे सगळं बंद असतं तेव्हा तिकडचा समुद्र खेळता असतो. थोडं शिकून झाल्यावर जा.
- वर्कला, केरळ: किनारा सुंदर, पण समुद्रात खेचणाऱ्या प्रवाहाची ओढ जास्त. शिक्षकाशिवाय उतरू नका.

जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावर शिकाऊ माणसाने पाण्यात जाऊ नये. ‘ओळखीचा एक जण पावसाळ्यातही शिकवतो’ हे वाक्य ऐकलंत, तर त्या ओळखीच्याला टाळा.

शाळा निवडताना काय विचाराल

जाहिरातीतले फोटो सगळ्यांचे सारखेच असतात. फोन करून हे विचारा:

- शिक्षकाकडे इंटरनॅशनल सर्फिंग असोसिएशनचं प्रमाणपत्र आहे का? जीवरक्षकाचं वेगळं प्रशिक्षण आहे का? राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी ही संस्था पुण्यातलीच आहे, त्यामुळे तिचं प्रमाणपत्र ओळखायला तुम्हाला जड जाऊ नये.
- एका शिक्षकामागे किती विद्यार्थी? नवशिक्यांत चारच्या वर आकडा गेला, की तो शिकवत नाही, नुसती राखण करतो.
- शिकायचा बोर्ड मऊ फोमचा आणि आठ ते नऊ फुटी आहे ना? फायबरचा आखूड बोर्ड नवख्याच्या हाती देणारी शाळा सोडून द्या.
- समुद्र खवळला म्हणून धडा रद्द झाला तर पैसे परत, की दुसरा दिवस? उत्तर मेसेजवर लेखी मागा.
- महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कोणी शिकवत असेल, तर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणात अशी नोंदणी अपेक्षित आहे.

चांगल्या शाळेची एक खूण मला फोनवरच कळते. ‘पोहता येतं का?’ हा प्रश्न तुम्ही विचारायच्या आधी ते विचारतात.

पाण्यात उतरण्याआधी पंधरा मिनिटं

इथे घाई करणारे फार. बोर्ड काखेत मारून सरळ पाण्यात. तसं करू नका. वाळूवर उभे राहा आणि नुसतं बघा.

लाटा एकसारख्या येत नाहीत. चार-सहा मोठ्या येतात, मग काही मिनिटं शांतता. पाहिलेल्या पहिल्या दोन मिनिटांवरून अंदाज बांधलात, तर आत गेल्यावर मोठ्या लाटांची रांग नेमकी डोक्यावर येते. मग पांढरा फेस कुठे उठतोय ते बघा, आणि त्याहून नीट बघा तो कुठे उठत नाही. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला एक पट्टा गडद, शांत, पृष्ठभागावर नुसती सुरकुती, कधी गढूळ वाळू समुद्राच्या दिशेने वाहताना दिसते, ती ओढ. नवख्याला हीच जागा सोपी वाटते, कारण तिथे लाट तोंडावर येत नाही. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत समुद्रात जातं ते या वाटेने.

ओढीत सापडलात तर:

1. बोर्ड सोडू नका. त्यावर पालथे पडा, श्वास सावरा.
2. किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. किनाऱ्याला समांतर, फेस दिसतोय त्या बाजूला वल्हवा.
3. दमलात तर थांबा आणि एक हात उंच करा. ओढ तुम्हाला खाली खेचत नाही, आत नेते.

किनाऱ्यावर जाळं निवडत बसलेला कोणी दिसला तर ‘काका, ओढ कुठल्या अंगाला आहे?’ एवढं विचारा. ॲप सांगणार नाही ते दोन वाक्यांत कळतं. वाळूचे उंचवटे दर पावसाळ्यात जागा बदलतात आणि गेल्या वर्षीची सुरक्षित जागा यंदा तशी राहिलेली नसते, हे त्या माणसाला रोजच्या कामातून ठाऊक असतं.

भरतीचं गणित तुमच्या आजोबांना येत असेल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हे मुंबई आणि जवळच्या किनाऱ्याला लागू. गोव्याकडे भरती आधी येते, म्हणून तिथे स्थानिक तक्ता बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जोराने आत-बाहेर करतं. खाडीच्या मुखाजवळ त्या दिवशी शिकायला जाऊ नका.

वाऱ्याचं शाळेच्या भूगोलातलं इथे कामी येतं. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, तो लाटेचं तोंड गुळगुळीत ठेवतो. दुपारी खारे वारे सुटले की सगळं विस्कटतं. म्हणून पहाटेची वेळ घ्या. उशिरा उठण्याची सवय असेल तर धड्याचे निम्मे पैसे वाया. लाटेचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो. तिथे उंचीबरोबर दोन लाटांमधले सेकंदही बघा. तीन फुटांची लाट सहा सेकंदांची असेल तर किरकोळ, चौदा सेकंदांची असेल तर तीच तुम्हाला उचलून आपटेल.

आणखी एक, पाकटाबद्दल. वाळूत दबा धरून बसलेल्या पाकटावर पाय पडला की तो शेपटीचा काटा मारतो. २०१३ साली गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या वेळी अनेकांना याचा प्रसाद मिळाला होता. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला. पाकट सरकून जातो. लागलाच काटा तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास तरी ठेवा आणि डॉक्टरकडे जा. काटा छातीत किंवा पोटात रुतला असेल तर उपटू नका.

समुद्रात कोणी अडकलं तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, इतर तातडीसाठी ११२. फोनमध्ये आत्ताच टाकून ठेवा.

लाटेवर कोणाचा हक्क

लाट जिथे प्रथम फुटते, त्या टोकाच्या सर्वांत जवळ असलेल्याची लाट. तो उठला की तुम्ही थांबायचं. आत जाताना फुटणाऱ्या लाटांमधून घुसू नका, वळसा घ्या. अंगावर लाट येतेय म्हणून बोर्ड भिरकावून बुडी मारू नका, कारण दोरीची आणि बोर्डाची लांबी मिळून तो तेवढा मागे जातो आणि तिथे दुसरा कोणी असतो. पडताना सपाट पडा, सूर मारू नका, आणि वर येताना दोन्ही हात डोक्यावर. चूक झाली तर हात वर करून ‘सॉरी’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी भागतं.

स्केटबोर्ड: दुकानात उभे असाल तर

आता त्या वाढदिवसाच्या फोटोकडे. खेळण्यांच्या दुकानात हजार-दीड हजाराला मिळतो तो कार्टूनचं चित्र असलेला बोर्ड. तो उलटा करा. चाकांना धरणारा सांगाडा, त्याला ट्रक म्हणतात, प्लॅस्टिकचा दिसला तर तिथेच ठेवून द्या. मग बोर्ड जमिनीवर ठेवून एका कडेवर पायाने वजन द्या. चांगला बोर्ड त्या बाजूला झुकतो आणि ढकलला तर तिकडेच वळतो. खेळण्यातला बोर्ड झुकतच नाही, वळवायला गेलं की मूल खाली पडतं आणि ‘आपल्याला जमत नाही’ असं समजून बसतं. शेवटी चाक बोटाने फिरवा. दोन-तीन फेऱ्यांत थांबलं तर बेअरिंग गचाळ आहे.

घेण्याजोगं काय:

- डेक: सात थरांच्या मेपल लाकडाचा, रुंदी ७.७५ ते ८.२५ इंच. लहान मुलासाठी थोडा अरुंद.
- चाकं: स्केटपार्कमध्येच खेळायचं असेल तर ५२ ते ५४ मिलिमीटर, ९९ए कडकपणाची. आपल्या रस्त्यांवर आणि सोसायटीच्या फरशीवर ती दातांपर्यंत थरथरतात. ६० मिलिमीटरच्या आसपासची, ७८ए ची मऊ चाकं घ्या, खडीवर अडकत नाहीत आणि आवाजही करत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या आजी तक्रार करणार नाहीत, हा फायदा कमी समजू नका.
- सर्फस्केट: पुढचा ट्रक जास्त वळणारा प्रकार. लाटेची वळणं जमिनीवर घोटायची असतील तर हाच. उड्या शिकायला मात्र निरुपयोगी.

बरा बोर्ड चार-पाच हजारांच्या खाली क्वचित मिळतो. बजेट तेवढंच असेल तर बोर्ड जुना घ्या, पण हेल्मेट नवं घ्या. हेल्मेटच्या आत ईएन १०७८ किंवा एएसटीएम एफ१४९२ असं छापलेलं शोधा. स्कूटरचं हेल्मेट चालणार नाही. जड असतं आणि मानेला ताण देतं. मनगटाचे गार्ड दुसरे, गुडघ्याचे तिसरे. पडताना माणूस हात पुढे टाकतो आणि मनगट मोडतं, म्हणून हा क्रम.

डावा पाय पुढे ठेवणारे ‘रेग्युलर’, उजवा पुढे ठेवणारे ‘गूफी’. कोणी तरी मागून हलकेच ढकललं तर जो पाय आपोआप पुढे पडतो, तो पुढचा. सर्फिंगमध्येही बहुधा तोच पाय राहतो.

कुठे चालवाल, आणि कोण हटकेल

मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडला आणि नवी मुंबईत नेरूळला स्केटपार्क आहेत. सकाळी लवकर जा, संध्याकाळी सायकली आणि चिल्लीपिल्ली पार्कभर पसरलेली असतात. बाकी शहरांत सोसायटीचं आवार, सुटीच्या दिवशी शाळेचं पटांगण, नव्या डांबराचा बंद रस्ता.

सोसायटीत वॉचमनशी वाद घालू नका, तो हुकूम पाळतो. समितीला लेखी अर्ज द्या: कोणती जागा, कोणती वेळ, हेल्मेट असेल, पालक हजर असतील. दोन-तीन घरांनी मिळून दिलेला अर्ज सहसा फेटाळला जात नाही. उत्तर लेखी मागा. तोंडी ‘बघू’ हे उत्तर नव्हे.

रस्त्यावर चालवण्याला स्वतंत्र परवाना लागत नाही, पण याचा अर्थ मोकळीक नव्हे. सार्वजनिक रस्त्यात अडथळा किंवा धोका निर्माण केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पोलिसांनी हटकलं तर बोर्ड हातात घ्या आणि निघा. बोर्ड ताब्यात घेतलाच, तर पोलीस ठाण्याचं नाव आणि लेखी पोच मागणं हा तुमचा हक्क आहे. आवाज न चढवता मागा.

विमा आणि सही केलेला कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, तरी वाचा. ‘साहसी खेळ आहे, क्लेम मिळणार नाही’ असं अनेक एजंट सरसकट सांगतात. तुमच्या आरोग्य विम्याच्या पॉलिसीत अपवादांच्या यादीत ‘एक्सक्ल ०९’ असा संकेत शोधा. त्यात धोकादायक किंवा साहसी खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेतल्याने झालेल्या उपचारांचा खर्च वगळलेला आहे. सुटीत फी भरून सर्फिंग शिकणारा माणूस व्यावसायिक नाही. मात्र अपघात विमा आणि प्रवास विमा यांची भाषा वेगळी असते, तिथे हौशी खेळही वगळलेले असू शकतात. प्रवासाला निघण्याआधी ती कलमं वाचा.

क्लेम नाकारला तर कारण लेखी घ्या. आधी कंपनीकडे तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. ही तक्रार कंपनीच्या नकारानंतर वर्षभराच्या आत झाली पाहिजे. अपघाताच्या दिवशीच डॉक्टरांच्या केसपेपरवर ‘सर्फिंग शिकताना पडले’ असं स्पष्ट लिहून घ्या. ‘घसरून पडले’ असं मोघम लिहिलेलं नंतर तुमच्याच गळ्यात येतं.

शाळेत सही करायला देतात त्या कागदावर ‘अपघात झाल्यास आम्ही जबाबदार नाही’ असं असतं. सही केली म्हणून सगळे हक्क गेले असं समजू नका. समुद्रातले नेहमीचे धोके तुम्ही पत्करता. पण लाल बावटा असताना पाण्यात उतरवणं, तुटकी दोरी देणं, शिक्षकच जागेवर नसणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ त्यासाठीच आहे. शाळा कर्नाटकात असली तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. मुदत दोन वर्षं. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. सुरुवातीला १९१५ या हेल्पलाइनवर बोला. पावती, मेसेज, तुटलेल्या दोरीचा फोटो जपून ठेवा.

आता बोर्ड

तीन-चार मोसम भाड्याच्या बोर्डावर काढलेत, न फुटलेली हिरवी लाट स्वतः पकडून तिरपं जाता येऊ लागलं, तर सर्फबोर्ड घ्यायला हरकत नाही. तरीही मुंबई-पुण्यात राहणाऱ्याने एकदा हिशेब मांडावा: वर्षातले किती दिवस तो पाण्यात जाईल, आणि आठ फुटांची वस्तू ट्रेनने किंवा विमानाने न्यायला किती लागेल. बऱ्याच जणांना भाडंच परवडतं. माझा बोर्ड मी किनाऱ्यावरच्या ओळखीच्या शेडमध्ये ठेवतो, घरी फक्त स्केटबोर्ड.

घेतलाच तर जुना घ्या, आणि बघून घ्या. बोर्डाची क्षमता लिटरमध्ये छापलेली असते. तुमच्या वजनाच्या किलोंइतकी किंवा थोडी जास्त हवी. कडांवरून अंगठा फिरवत जा. जिथे दाबल्यावर मऊ लागतं तिथे आतला फोम पाणी प्यायलेला आहे. खालच्या बाजूला फिन बसवायच्या खाचांभोवती केसासारखी चीर आहे का ते उजेडात धरून बघा. ती दुरुस्ती महाग पडते. हलका पिवळेपणा चालतो, तपकिरी डाग नको. दोरी मात्र नेहमी नवी, बोर्डाच्या लांबीएवढी. मेण उष्ण पाण्याचं मागा. थंड देशांतलं मेण आपल्या वाळूवर दहा मिनिटांत वितळून पाघळतं. आणि बोर्ड उन्हात उभ्या गाडीत किंवा टपावर तासन्‌तास ठेवू नका, वरचा थर फोमपासून सुटून फुगतो आणि मग तो कोणी विकतही घेत नाही.